स्थळाला पाठवायचा फोटो

जर्मनीत रेगेन्सबर्गच्या पुढे एका ड्यूक घराण्याचा जुना राजवाडा आहे. पीएचडीसाठी उल्का तिथल्या तैलचित्रांचे फोटो काढत होती. या घराण्याने मुली देऊन अर्ध्या युरोपातले राजे सोयरे केले होते. लग्न ठरवायला मुलीचं चित्रच आधी पाठवायचे.

धाकट्या राजकन्येचं चित्र मात्र काही केल्या नीट येईना. भिंतीवर तिचे डोळे टक्क उघडे, फोटोत दर वेळी मिटलेले. लेन्स बदलली, दिवे हलवले, कॅमेराही बदलून झाला. परवानगी आजच्यापुरतीच होती.

"अगं, लाजत असेल बिचारी," म्हणून सोबतचा प्रणव जेवायला निघून गेला.

त्यात पुण्याहून आईचा फोन. "अगं, त्या स्थळाला तुझा एक फोटो पाठवायचाय."

"हॉलमध्ये पदवीचा लावलाय ना, तो पाठव," म्हणत उल्काने फोन ठेवला आणि वैतागून चित्राकडे वळली.

"तुलाही लग्न नकोय ना? मग तसं सांग की. डोळे कसले मिटतेस?"

तिने बटण दाबलं. स्क्रीनवर राजकन्येचे डोळे उघडे होते. उल्काने सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात आईचा मेसेज आला. "उल्का, हॉलमधल्या फोटोत तुझे डोळे आधीपासूनच मिटलेले होते का गं?"