नंबर न लावता

बालरोगतज्ज्ञ झाल्यावर मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातली नोकरी नाकारून डॉ. स्वानंदीने २००३ साली मंडणगडला दवाखाना थाटला, तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. दोन वर्षं झाली तरी दिवसाला जेमतेम चार-पाच मुलं येत. मैनाआजी मात्र दर गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने लांबच्या वाडीतून एकटीच येई, नंबर न लावता किरकिरणाऱ्या पोरांशेजारी बाकावर बसून राही आणि दुपारच्या गाडीने परत जाई.

म्हातारी काहीतरी दुखणं लपवतेय असं वाटून एका गुरुवारी स्वानंदीने तिला हाताला धरून आत नेलं. "आजी, सांगा बघू, कुठे दुखतं?"

"कुठंच नाय गं बाय," मैनाआजी ओशाळून म्हणाली. "आमच्या वाडीतली समदी पोरंबाळं मुंबैला गेली. पोर रडलेलं कानावर पडत नाय कधी. म्हणून हितं येऊन बसते. बसू ना?"

"बसा की आजी. केव्हाही या," स्वानंदी म्हणाली.

***

दवाखाना बंद करून एक तारखेला मुंबईत रुजू होते, असं पत्र तिने कालच टपालात टाकलं होतं.