पळणारा बाण

स्वयंपाकघराच्या दारावर नेऊन ठेवलेला बाण भिंत ओलांडून थेट शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडला. रेघोबांनी चटकन दाराकडे पाहिलं. पडद्यावरच्या नव्हे, खऱ्या. बायको अजून आतच होती.

त्यांनी माऊसची सेटिंग उघडली. वेगाची पट्टी नेहमीप्रमाणे पार उजव्या टोकाला होती आणि प्रवेगाच्या चौकटीत खूण होती. ही खूण असली की हात हळू सरकवला तर बाण शहाण्यासारखा चालतो. हात जरा झटकला की परगावी निघतो. रेघोबांचा उजवा हात हल्ली न सांगता झटकत असे.

त्यांनी खूण काढली, पट्टी डावीकडे ओढली, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि नकाशात दार बसवलं. सरळ बसलं.

कचेरीत चाळीस वर्षं पट्टीशिवाय रेघ मारली म्हणून त्यांना रेघोबा म्हणत. निवृत्तीनंतर घरात एक संगणक आला. सकाळी त्यावर रेघोबा घरांचे नकाशे काढत. दुपारी बायको भरतकामाच्या मशीनसाठी वेलबुट्टी काढे. संगणक लेकीने दिला होता, अट घालून.

"दोघांपैकी एकाचाही हात थरथरायला लागला, की दुकान बंद. मुकाट्याने माझ्याकडे राहायला यायचं."

लेकीचं प्रेम मोठं होतं. घर दोन खोल्यांचं होतं, अकराव्या मजल्यावर.

बायकोला सांगायची सोय नव्हती. लेकीपासून तिच्या पोटात काही राहत नसे. शिवाय आपल्या हातापायी तिचं काम का बुडावं? म्हणून चार महिन्यांपूर्वी, ती बाहेर गेलेली पाहून, रेघोबांनी संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं होतं. त्याने पट्टी दाखवली, खूण दाखवली.

"हे घरात कळता कामा नये," रेघोबा म्हणाले.

"काका, निश्चिंत राहा," तो हसत म्हणाला. "माझ्या पोटात एकाच्या जागी दोन गोष्टी राहतील."

माणूस बरा वाटला.

तेव्हापासून दुपारी उठताना रेघोबा खूण परत करत आणि पट्टी उजव्या टोकाला सारून ठेवत. बायकोला पळता बाण लागे. रोज सकाळी पट्टी तिथेच सापडे, म्हणजे ते उघडच होतं. तिच्या हाताचं त्यांना कौतुक वाटे, जरा हेवाही. मात्र ती काम करताना पाहायची सोय नव्हती.

"तुम्ही वाचनालयात जा बघू," ती म्हणे. "मागे कुणी उभं राहिलं की मला सुचत नाही."

चहाही अलीकडे अर्धाच कप मिळे. "तब्येतीला बरा," ती म्हणे.

त्या दिवशी नकाशा पाठवायची घाई होती. तो पाठवून रेघोबा वाचनालयात जाऊन बसले. पेपरचं दुसरं पान उलटलं आणि एकदम आठवलं. पट्टी डावीकडेच राहिली होती.

ते जवळजवळ पळतच घरी आले. बायको संगणकासमोर होती. पडद्यावर एक नाजूक वेल सुरेख वळण घेत होती.

"लवकर आलात?"

"पेपर शिळा होता." ते घुटमळले. "बाण बरा चालतोय ना?"

"न चालायला काय झालं त्याला?"

"नाही, म्हटलं... आज जरा सुस्तावला असेल."

बायकोने खुर्ची वळवली. "तुम्ही हात लावलात त्या पट्टीला?"

रेघोबांच्या डोळ्यांसमोरून अकरा मजले भराभर वर गेले. त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. शेजारची बशी किणकिणली.

"चार महिने लावतोय," ते म्हणाले. "तुला वेग लागतो म्हणून उठताना परत पुढे सारून ठेवायचो. आज विसरलो. कर लेकीला फोन."

बायकोने त्या हाताकडे पाहिलं. फोनकडे मात्र तिने पाहिलं नाही.

"तरीच!" ती म्हणाली. "मीही रोज बसल्या बसल्या पट्टी मागे ओढायची आणि उठताना तुमच्यासाठी पुढे सारायची. मघापासून विचार करतेय, आज माझे कष्ट वाचवले कुणी?"