जहाजावरचा आचारी

ती गेल्याचं वाचकमंडळाला कळलं ते त्या शनिवारी, तिच्या खुर्चीवर तिचा नवरा येऊन बसला तेव्हा. मांडीवर तिचं पुस्तक होतं.

"मागच्या आठवड्यात गेली," तो म्हणाला. "झोपेतच. कळवायला हवं होतं, पण तुमच्यापैकी कुणाचा नंबर माझ्याकडे नव्हता."

वाचनालयाच्या वरच्या खोलीत निवृत्त नर्सबाईंनी हातातला चमचा आवाज न करता बशीत ठेवला. सलूनवाल्याला गप्प बसणं ठाऊकच नव्हतं, पण तोही खिडकीकडे बघत राहिला. मग उठून त्याने थर्मासमधला चहा पाहुण्याला ओतून दिला.

"तुमचं चालू द्या," पाहुणा म्हणाला. "सगळे आपापलं पुस्तक सांगतात ना? माझी पाळी आली की मी सांगेन."

चालू ठेवणं अवघड होतं. तरी नर्सबाईंनी घसा साफ केला. "मी एका म्हातारीचं आत्मचरित्र वाचतेय. तिला तीन सुना. प्रत्येकीवर एकेक प्रकरण आहे."

"आणि नवऱ्यावर?" सलूनवाल्याने विचारलं.

"अजून तरी आलेला नाही."

थोडं हसू झालं. सलूनवाल्याची खुनाची कादंबरी होती, त्याचा संशय डॉक्टरवर होता. भूगोलाचे सर नद्यांवरचं काहीतरी वाचत होते, ते त्यांनी दोन वाक्यांत आटोपलं. एरवी त्यांना अर्धा तास पुरत नसे.

पाहुण्याची पाळी आली.

"मी काही वाचत नाही. पंखे-मिक्सर दुरुस्त करतो, डोळे त्यातच जातात. ती सांगायची. जेवणं झाली की मी भांडी घासायचो आणि ती ओट्याशी स्टुलावर बसून सांगायची." त्याने पुस्तक वर धरलं. "हे. जहाजाचं."

"आम्ही सगळ्यांनी वाचलंय ते," सर म्हणाले. "चांगलं आहे."

"चांगलं? अहो, तो आचारी!" तो खुर्चीत पुढे सरकला. "असला येडा माणूस मी बघितला नाही. चष्मा कपाळावर आणि शोधतोय जहाजभर. चहा म्हणून कधी पुरा पिणार नाही, तळाशी दोन घोट ठेवणारच. कुणाशी वाजलं तर बोलत नाही काही, सगळ्या सुऱ्या घेऊन धार लावत बसतो. मी तिला म्हणायचो, असल्या माणसाबरोबर संसार कोण करणार? ती म्हणायची, करते एक."

सलूनवाला मोठ्याने हसला आणि एकदम थांबला. त्याने सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे बघत होते.

"तर आता असं झालंय, जहाज सुटायची वेळ आलीय. भोंगा झालाय. आणि हा बाबा चष्मा शोधायला खाली धक्क्यावर उतरलाय! तिथे तिला जांभई आली. उद्या सांगते म्हणाली." त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "शेवट फोडायचा नाही असा तुमचा नियम आहे, माहीत आहे मला. पण तेवढं सांगा. जहाज त्याच्यासाठी थांबतं का?"

नर्सबाईंनी मान खाली घातली.

"बरं, कुठल्या पानावर आहे ते तरी दाखवा. वाचेन मी हळूहळू." त्याने शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही. "आता चष्मा कुठे ठेवला मी…"

चष्मा त्याच्या कपाळावर होता. बाजूच्या स्टुलावर त्याचा कप होता, आणि कपाच्या तळाशी दोन घोट चहा.

"साहेब," सर म्हणाले.

"सर, राहू द्या," नर्सबाई म्हणाल्या.

"नाही, त्यांना कळायला हवं. साहेब, ह्या पुस्तकात आचारी नाही. कप्तान आहे, डॉक्टर आहे, दोघी बहिणी आहेत. जेवण येतं, पण करणारा कुठे दिसत नाही."

"असं कसं? ती पुस्तकात बघून सांगायची. पानं उलटायची मधूनमधून."

"आम्ही त्यांना कासवताई म्हणायचो," सलूनवाला म्हणाला. "उन्हाळ्यापासून हे एकच पुस्तक. मी चिडवायचो, ताई, तुमचं जहाज वल्ह्याने चाललंय का? तर म्हणायच्या, माझं कधीच वाचून झालंय. घरी अजून चालू आहे."

नर्सबाई उठल्या. त्याच्यासमोर उभं राहून त्यांनी त्याच्या कपाळावरचा चष्मा दोन्ही हातांनी खाली नाकावर आणला. "हा घ्या, भावजी."

त्याने चष्म्यातून पुस्तकाकडे पाहिलं, मग कपाकडे. बराच वेळ तो कपाकडेच बघत होता.

"अरेच्चा," तो म्हणाला. "आणि मी इतके दिवस त्या माणसाला नावं ठेवतोय!"

आधी त्याचे खांदे हलले, मग हसू बाहेर आलं. सलूनवाला हसला, नर्सबाई हसल्या, सरसुद्धा. तो सगळ्यांत शेवटी थांबला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

"म्हणजे तुम्हाला कुणालाच ठाऊक नाही," तो म्हणाला.

सरांनी मान हलवली.

त्याने पुस्तक परत मांडीवर ठेवलं, त्यावर हात ठेवला.

"जहाज थांबलं का, तेवढं सांगायचं राहिलं तिचं."