आवडता खेळ

काकुमाच्या निर्वासित छावणीतल्या मुलांच्या मनाची पाहणी करायला नेकेसा नैरोबीहून आठवडाभराच्या कामावर सल्लागार म्हणून आली होती. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "तुमचा आवडता खेळ दाखवा बरं मला."

लहानग्या न्यामालने तारेचा चष्मा डोळ्यांवर चढवला नि बाकीच्या पोरांना गोल बसवलं. "तुझ्या घरचं कोण कोण गेलं रे, राजा?" असं एकेकाला विचारत, रडेल त्याला ती खोटं खोटं बिस्कीट देत गेली. मग "मी नक्की परत येईन हं!" म्हणत धूम पळाली. पोरं खिदळली. खेळ संपला.

नेकेसाला भडभडून आलं. गाडीत बसण्याआधी तिने न्यामालला पोटाशी धरलं.

"मी नक्की परत येईन हं!"

न्यामाल टाळ्या पिटत ओरडली, "ए, मॅडमलाही येतो आपला खेळ!"