नाव मागाहून

"तुझ्या बदल्यात माझी मान देताहेत, कोंपाद्रे. सगळं बानी गाव बोलतंय."

एवढे बोलून विल्किनने डोमिनोची सोंगटी टेबलावर आपटली. दॉन ब्राउलिओच्या दुकानासमोर बसलेल्या मंडळींनी माना खाली घातल्या. एवारिस्तोच्या हातातील बियर कोमट होत चालली होती.

हकीकत अशी होती. एवारिस्तो हा बेसबॉलचा कॅचर, म्हणजे पिचरने फेकलेले चेंडू उकिडवा बसून झेलणारा. वयाने पस्तिशीला टेकलेला, गुडघ्यांनी साठी गाठलेला. गेल्या जुलैत अमेरिकेतील त्याच्या जुन्या संघाने त्याला नव्या संघाच्या स्वाधीन केले. मोबदल्यात नव्या संघाने आपला एक खेळाडू द्यावयाचा होता. मात्र त्याचे नाव मागाहून ठरावयाचे होते. त्या धंद्यात अशी रीतच आहे. हंगाम संपला, नाताळ सरला, तथापि नाव काही ठरेना. आणि जेथे नावाची जागा रिकामी असते, तेथे अफवा आपले बिऱ्हाड थाटते.

विल्किन हा त्याच नव्या संघाचा तरुण पिचर. एवारिस्तोच्या धाकट्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच धर्मपिता म्हणून हातांवर धरले होते. तेव्हापासून दोघे एकमेकांस कोंपाद्रे म्हणत. आणि हे नाते बानीत सख्ख्या भावाच्या नात्यापेक्षा तसूभरही उणे मानीत नाहीत.

"त्या रेडिओवाल्याचं काय ऐकतोस?" एवारिस्तो अखेर म्हणाला. "मागच्या वर्षी त्यानं बातमीत तुला जपानला धाडलं होतं."

"तेव्हा मी हसलो. तेव्हा माझी याहाइरा पोटुशी नव्हती."

"जुना संघ म्हणजे काही नरक नाही रे."

"हो का? मग तिथून सुटलास तेव्हा फोनवर गाणं कोण म्हणत होतं? वसंतात सरावाला बोलावतात, दोन चेंडू टाकून घेतात आणि बॅग दारात ठेवतात. हे मला कुणी सांगितलं? तूच ना?"

दॉन ब्राउलिओ मध्ये पडला. "अरे, याच्या गुडघ्यांच्या बदल्यात पिचर कोण देतंय? एक तुटकी बॅट आणि वर एक कोंबडी, एवढ्यात मिटेल व्यवहार!"

मंडळी खदखदून हसली. विल्किन मात्र उठला.

"नाव ठरेस्तोवर माझ्या दारात येऊ नकोस. तुझं तोंड बघितलं की माझी बायको रडते."

हे बोल एवारिस्तोच्या काळजात रुतून बसले. घरी आईने, दोन्या क्लोतिल्देने, उकडून कुस्करलेल्या केळ्यांचे ताट पुढे केले. त्याने घास उचलला आणि परत ठेवला.

"खा की. कच्चं राहिलंय का?"

"नाही, आई."

"मग तुझ्या संघाच्या त्या गोऱ्या साहेबाला फोन कर. पोरीच्या धर्मपित्याची भाकरी काढून घेऊन तुला हा घास गिळवणार आहे का?"

फोन करणे सोपे नव्हते. नव्या संघाने त्याला सुखाचा शब्द दिला होता: गुडघे चालेनासे झाले की त्याने बानीजवळच्या त्यांच्या बेसबॉलच्या शाळेत पोरांना कॅचरकी शिकवावी. असा शब्द देणाऱ्यांच्या कारभारात नाक खुपसणे म्हणजे पिकल्या आंब्याच्या झाडाला दगड मारणेच होय. तरीही त्याने अंगात धुतलेला सदरा चढविला, जणू पलीकडच्यास तो दिसणार होता, आणि व्यवस्थापक प्रुइट यांना फोन लावला. प्रुइट यांना मोडकीतोडकी स्पॅनिश येत असे.

"साहेब, तेवढं विल्किनला देऊ नका."

"का बरं? तुझा जुना संघ त्याचंच नाव घेतोय."

"त्याचा हात अजून पिकायचाय. त्याचे चेंडू मी झेलतो, माझा तळवा सांगतो मला. हा पोरगा दिलात तर मागून हळहळाल."

"मग कुणाला देऊ?"

"दुसऱ्या कुणालाही द्या. मी आजवर काही मागितलं नाही तुमच्याकडं."

"कुणालाही?"

"कुणालाही, साहेब. माझी तक्रार नाही."

"मोठ्या मनाचा आहेस," प्रुइट म्हणाले. "बघतो."

त्यानंतर एवारिस्तोच्या चित्तास एक निराळीच टोचणी लागली. आपण एकास वाचविले खरे, परंतु दुसऱ्या एखाद्या निरपराध्यास खड्ड्यात लोटले. त्याचीही बायको असेल, म्हातारी असेल. जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाला त्याने चर्चमध्ये त्या अनामिकासाठी एक मेणबत्ती लावली. नाव ठाऊक नसल्याने प्रार्थना अडखळली.

सण उलटल्यावर एके दिवशी भर दुपारी विल्किन धावतच आला आणि दुकानासमोर, सर्वांदेखत, त्याच्या गळ्यात पडला.

"राहिलो, कोंपाद्रे! आत्ताच कळवलं त्यांनी. तू बोललास म्हणे माझ्यासाठी! आणि मी तुला काय काय बोललो रे!"

"जाऊ दे. मुलगा झाला तर माझं नाव ठेव म्हणजे झालं."

"एवारिस्तो? पोराचं वाटोळं करू का?"

दोघेही हसले, आणि हसता हसता दोघांच्याही डोळ्यांना पाणी आले. दॉन ब्राउलिओने बर्फातल्या बाटल्या काढल्या, आणि कधी नव्हे ते पैसे नकोत म्हणाला.

"पण मग गेला कोण?" कोणीतरी विचारले.

"ते नाही सांगितलं," विल्किन म्हणाला.

इतक्यात एवारिस्तोचा फोन वाजला. प्रुइट होते. त्याने हातानेच सर्वांना गप्प बसविले.

"विल्किनचं समजलं ना?"

"समजलं, साहेब. देव तुमच्या लेकराबाळांचं भलं करो. पण एक सांगा, ज्याला पाठवताय त्याचं नाव काय? मला त्याची माफी मागायचीय."

"एवारिस्तो, आम्ही आमच्या संघातला एक खेळाडू द्यायचा, एवढंच ठरलं होतं," प्रुइट सावकाश म्हणाले. "आणि जुलैपासून तूही आमच्याच संघातला आहेस."