गावदेव शून्यावर

टेकडीचा माथा पाण्याखाली आणि नाल्याचा तळ कोरडा ठणठणीत! कॉम्प्युटरनं छापून दिलेला नव्या धरणाचा नकाशा बघून जीवनला हसावं की रडावं कळेना. त्याच नकाशात रानशेतजवळचा त्याचा पाडाही बुडाला होता. म्हणून तर सगळा जीव त्या कागदात अडकला होता. अहो, जे यंत्र टेकडी बुडवतं, त्यानं घर बुडवलं तर ते खरं कशाला मानायचं?

"साहेब, आकडे बरोबर आहेत. गणित सोडवताना प्रोग्रॅम कुठेतरी माती खातोय," तो काकुळतीला आला.

"मग शोध ना!" सावेसाहेब म्हणाले. "संध्याकाळी नकाशा ठाण्याला जाणार. सुधारलास तर सुधारलेला, नाहीतर हाच."

डहाणूतल्या त्या पाटबंधाऱ्याच्या ऑफिसच्या पायरीवर जीवनचा बाप, रघ्या, सकाळपासून बसून होता. यंत्र आपल्या पोराच्या हातात आहे, पाडा वाचलाच समजा, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता.

जीवननं मोजणीचे आकडे पुन्हा ताडून पाहिले. फ्लॉपी बदलली. पुन्हा तीच बुडालेली टेकडी. मग आलेली उत्तरं त्यानं मोजणीवरून मांडलेल्या मूळ समीकरणांत घातली, तर एक समीकरण जुळेल तर शपथ! मेल्या, तूच सोडवलंस ना? छोटी तीन समीकरणं दिली, ती यंत्रानं चुटकीसरशी बरोबर सोडवली. मग ह्यांनाच काय धाड भरली?

तो आकड्यांकडे बघत राहिला, आणि चमकला. सगळी अंतरं कुठल्या तरी लांबच्या सरकारी खुणेपासून मोजलेली. म्हणून प्रत्येक आकडा हा एवढा लांबलचक. यंत्र पुढचे अंक धरायचं आणि मागचं शेपूट टाकून द्यायचं. टेकडी आणि नाल्यातला फरक नेमका त्या शेपटात!

म्हणजे जवळून मोजायला हवं. पण कुठून? पाड्यात घर बांधायचं असो की विहीर खणायची, गावदेवाच्या दगडापासून पावलं टाकूनच जागा धरतात. मोजणीत त्या दगडाची नोंद होतीच. जीवननं देव शून्यावर ठेवला, बाकी सगळी अंतरं, सगळ्या उंच्या तिथून धरल्या. "वाचव रे बाबा," तो पुटपुटला.

प्रिंटर करकरला. टेकडी वर आली, नाला खाली गेला. उत्तरं समीकरणांत घातली, एकूण एक जुळली. मग त्यानं पाड्यावर बोट ठेवलं. दगड शून्यावर. पाणी त्याच्या चार मीटर वर. घरं तर दगडाच्याही खालच्या अंगाला.

त्यानं पुन्हा चालवून पाहिलं. आणखी एकदा. उत्तर तसूभर हललं नाही.

"शाब्बास! आता कसा खरा वाटतो," म्हणत सावेसाहेबांनी कागद उचलला.

जीवन बाहेर आला तसा रघ्या ताडकन उठला. "गावली का रे चूक?"

"गावली, बा."

"मी सांगत नव्हतो! काय होती?"

"लांबून मोजत होतो," जीवन पायरीकडे बघत म्हणाला. "आता आपल्या गावदेवापासून मोजलं."

रघ्यानं डोळे मिटून हात जोडले. "मग आता खोटं येनार नाय," तो म्हणाला.