अडतिसाव्या मजल्यावरची सोयरीक

"फ्लॅट घ्यायचाय म्हटलं की एसी गाडी, सरबत आणि समुद्र, सगळं फुकट! मुंबई अशी बघायची, कुमुद," अडतिसाव्या मजल्यावरच्या सॅम्पल फ्लॅटच्या गॅलरीत दिगंबरराव बायकोच्या कानात कुजबुजले. "तू फक्त मान डोलाव."

शेजारी दुसरं एक जोडपं सरबत पीत उभं होतं. "मुलाच्या लग्नाआधी घेऊन टाकावा म्हणतो," ते गृहस्थ म्हणाले, तशी दिगंबररावांना चाळीसगावची उपवर लेक आठवली. "आम्हाला शेजारशेजारचे दोन हवेत," त्यांनी ठोकून दिलं. दुसरा पेला रिकामा होईस्तोवर फोटो दाखवून झाले, गोत्र विचारून झालं आणि दोघं एकमेकांना व्याहीबुवा म्हणू लागले.

निघताना व्याहीबुवांनी सेल्सवाल्या मुलीला हळूच विचारलं, "गाडी परत स्टेशनला सोडेल ना? कालच्या बिल्डरनं सोडलं होतं."

हेच विचारायला उघडलेलं दिगंबररावांचं तोंड उघडंच राहिलं. "भामटा निघाला! मोडली सोयरीक," ते बायकोजवळ फणफणले.

"मोडताय कशाला?" गाडीत विहीणबाईंसाठी जागा धरत कुमुदताई म्हणाल्या. "इतकं माहेरासारखं सासर पोरीला दुसरं कुठं मिळणार?"